मॉडेल रॉकेटच्या मोटरीतील विलंबकाळाची निवड : सिम्युलेशनच्या आधारे विवेचन

घन इंधन एकदा पेटले की त्याचा जोर इच्छेनुसार कमी-अधिक करता येत नाही. भारतीय घन इंधनाच्या विकासात मोलाचा वाटा उचलणारे आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असलेले डॉ. वसंत गोवारीकर यांच्या क्षेत्रातील हे मूलभूत बंधन मॉडेल रॉकेटलाही लागू पडते. किंबहुना तेथे ते अधिक कठोर ठरते. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा केव्हा पेटवायचा हे यानावरील संगणक ठरवितो. मॉडेल रॉकेटचे पॅराशूट केव्हा उघडणार हे मात्र मोटर निवडतानाच ठरून जाते. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार केला आहे.

मोटरीवरील ‘सी ६-५’ या संकेतात ‘सी’ म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद एकूण आवेग, ६ म्हणजे सरासरी प्रणोद (न्यूटन) आणि ५ म्हणजे विलंबकाळ (सेकंद). इंधन संपल्यावर विलंब-मिश्रण धूर सोडत सावकाश जळते. तोवर रॉकेट मिळालेल्या वेगावरच वर जात राहते. मिश्रण संपताच एक लहान स्फोट पॅराशूट बाहेर ढकलतो. ही क्रिया उच्चतम बिंदूजवळ घडावी, कारण तेथे वेग किमान असतो. ती आधी घडली तर दोऱ्या तुटतात. फार उशिरा घडली तर रॉकेट नाकावर आदळते.

समजा, इंधन संपताना रॉकेटचे वस्तुमान १०० ग्रॅम, व्यास २५ मिमी आणि वेग ६० मी./से. आहे. हवेचा रोध वगळल्यास वेगाला गुरुत्वत्वरणाने भागून ६.१ सेकंद मिळतात. रोध गुणांक ०.७५ धरल्यास हाच काळ सुमारे ५ सेकंदांवर येतो. म्हणजे ‘सी ६-५’ योग्य. परंतु रंग, गोंद व उंचीमापक यांमुळे वस्तुमान १५० ग्रॅम झाले, तर त्याच मोटरीने वेग जेमतेम ३७ मी./से. होतो आणि आवश्यक विलंब साडेतीन सेकंदांवर उतरतो. येथे ‘सी ६-३’ घ्यावी लागेल. विद्यार्थी सहसा रोध गुणांकावर वाद घालतात. वरील पहिल्या उदाहरणात तो ०.७५ ऐवजी ०.५ धरला तरी फरक पाव सेकंदाच्या आसपासच पडतो. खरी गफलत वजनात होते.

सांपो निस्कानेन यांच्या हेलसिंकी येथील प्रबंधातून २००९ मध्ये पुढे आलेले ‘ओपनरॉकेट’ हे मोफत सॉफ्टवेअर हेच गणित सूक्ष्म कालखंडांत सोडविते. प्रणोदाचा बदलता आलेख, वारा आणि प्रक्षेपण-दांड्याचा कोन विचारात घेऊन ते इष्टतम विलंबकाळ दाखविते. मात्र छापील विलंब व प्रत्यक्ष विलंब यांत एखाद्या सेकंदाचे अंतर पडू शकते. म्हणून उत्तरातील दुसऱ्या दशांशाला महत्त्व देऊ नये.

मोटरीत स्फोटक मिश्रण असल्याने तिची खरेदी व साठवण करण्यापूर्वी १८८४ च्या स्फोटक अधिनियमातील तरतुदी पाहाव्या लागतात. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. सिम्युलेशनला मात्र संगणक आणि प्रयोगशाळेतील तराजू पुरतो. चामोर्शीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या यामिकीत, मोटर न पेटविता, हा अभ्यास घेता येतो.