सुटीतही पेटावी शाळेची चूल

मे महिना उजाडला, की रत्नागिरीत आंब्याच्या पेट्यांची लगबग शिगेला पोहोचते आणि त्याच सुमारास शाळांना कुलपे लागतात. मुंबईकर चाकरमान्यांची मुले आजोळी येतात, शहरातील सुखवस्तू घरांतून छंदवर्गांची चौकशी सुरू होते. मात्र आंबा बागांतील मजूर, मिरकरवाडा बंदरावर राबणारी कुटुंबे, चिरेखाणींवरील कामगार आणि कातकरी वाड्या यांच्यासाठी सुटीचा अर्थ वेगळा असतो. शाळेबरोबर शाळेची चूलही विझते. आई-वडील दिवसभर कामावर आणि मुले घरात एकटी, अशा स्थितीत त्यांच्या दुपारच्या जेवणाचे काय, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

कायदा काय सांगतो?

प्राथमिक शाळांतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत मुलांना शिजवलेल्या अन्नाऐवजी धान्यच दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना या जेवणाचा हक्क मिळाला. पण तो 'शालेय सुट्या वगळून'.

शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांचे किमान २००, तर उच्च प्राथमिक वर्गांचे किमान २२० दिवस कामकाजाचे असतात. याचाच अर्थ वर्षातील जवळपास १४५ ते १६५ दिवस शाळेचे जेवण मिळेलच, अशी हमी नाही. याउलट अंगणवाडीतील पूरक आहाराचे प्रमाण वर्षाला ३०० दिवस ठरलेले आहे. एकाच घरातील पाच वर्षांच्या बहिणीला मे महिन्यात आहार मिळतो आणि सात वर्षांच्या भावाला मिळत नाही, ही विसंगती त्यातूनच निर्माण होते.

दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही आहार द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आणि पुन्हा १३ मे २०१६ रोजी बजावले. तथापि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीला या सवलतीचा उपयोग होणे कठीण. येथील हातावर पोट असलेल्या कुटुंबांची ओढाताण पर्जन्यमापकात नोंदली जात नाही.

इंग्लंडमधील प्रयोग

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा नाही. इंग्लंडमध्ये २०१८ पासून काही भागांत सुटीतील भोजन व उपक्रमांचे प्रयोग झाले आणि २०२१ मध्ये ही योजना देशभर लागू झाली. तेथे केंद्र सरकार स्थानिक परिषदांना निधी देते. त्यातून शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांसाठी वर्षातून सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज चार तास खेळ, कला आणि जेवण यांची सोय होते. जेवण आणि उपक्रम एकत्र असणे, हे या योजनेचे मर्म. केवळ अन्नवाटप असते तर रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटला असता. शिबिरात मूल खेळायला येते आणि जेवून जाते.

खर्च किती?

उच्च प्राथमिक वर्गासाठी प्रतिदिन १५० ग्रॅम धान्य हे सरकारी प्रमाण आहे. डाळ, भाजी, तेल, मसाले व इंधन यांसाठी केंद्राने १ मे २०२५ पासून लागू केलेला किमान दर १० रुपये १७ पैसे होता. या हिशेबाने ५० मुलांना ४० दिवस जेवू घालायचे, तर ३०० किलो तांदूळ आणि २० हजार ३४० रुपये लागतात. तांदूळ किलोला ५० रुपये धरला, तर एकूण ३५ हजार ३४० रुपये होतात. सरकारी दरात बाजारभाव बसत नाही, हे मान्य करून रक्कम दुप्पट केली, तरी एका मुलामागे दिवसाला सुमारे ३५ रुपये पडतात.

यात स्वयंपाकी महिलेचे मानधन मिळवावे लागेल. केंद्राच्या निकषांनुसार तिला वर्षातून दहाच महिने मानधन मिळते. म्हणजे सुटीत मुलांचे जेवण थांबते, तशी तिची मिळकतही. चूल पेटली, तर दोघांचीही सोय होईल.

निधीचे मार्ग

ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा लागतो. दुसरा मार्ग उद्योगांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले आणि भूक व कुपोषण निर्मूलन हा विषय त्या यादीत आहे. लोटे-परशुराम आणि जयगड परिसरात उद्योग असलेल्या जिल्ह्याने हे लक्षात घ्यावे. तिसरा मार्ग लोकसहभागाचा. वाढदिवस वा स्मृतिदिनी मुलांना जेवण देण्याची 'तिथिभोजन' ही कल्पना सरकारी योजनेत मान्य आहे. ती सुटीच्या दिवसांकडे वळवता येईल.

उपक्रमांना तुलनेने कमी पैसे लागतात. १८२८ पासूनचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, झाडगावचे मत्स्यालय ही ठिकाणे शहरातच आहेत. प्रश्न उरतो तो वाहनाचा आणि सोबतीला येणाऱ्या मोठ्या माणसांचा.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. प्रवेश हजेरीपटावर अवलंबून नसावा; अन्यथा हंगामापुरती आलेल्या नेपाळी व कर्नाटकी मजुरांची मुले बाहेरच राहतील. शिवाय शिबिर वाडीतील सर्व मुलांना खुले असावे, म्हणजे कोणाच्या कपाळी गरिबीचा शिक्का बसणार नाही.

यासाठी वेळेचे भान हवे. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्पही त्यापूर्वीच ठरतो. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तर तोवर शाळेला कुलूप लागलेले असते. सुटीतील जेवणाचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच व्हायला हवा.