दुनळीचा वारसा

चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी संग्रहालयात शस्त्रांचे एक दालन आहे. मराठी माणसाने तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे. कारण तेथील कित्येक कट्यारी व तलवारी तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातून आलेल्या आहेत. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसावाचून निवर्तले, कंपनी सरकारने वारसाचा हक्क नाकारला, आणि पुढे काही वर्षांनी ते शस्त्रागारच मोडीत निघाले. पुष्कळ हत्यारे भंगारात गेली. सर वॉल्टर एलियट यांच्यासारख्या जाणत्या अधिकाऱ्याने निवडून बाजूला काढली तेवढी वाचली. शस्त्र शेकडो वर्षे टिकते. ते घराण्यात टिकेल की नाही, हे मात्र पोलादावर अवलंबून नसते.

याच शहरात त्या काळी एका निराळ्या शस्त्राचा व्यापार वाढत होता. पी. ऑर आणि सन्स ही पेढी १८४९ मध्ये स्थापन झाली. माउंट रोडवरील, म्हणजे आजच्या अण्णा सालैवरील, तिची इमारत चेन्नईकरांना घड्याळांसाठी ठाऊक आहे. पण ही पेढी चांदीची भांडी आणि जडजवाहीर यांबरोबर बंदुकाही विकत असे. नळीवर ‘पी. ऑर आणि सन्स, मद्रास’ अशी अक्षरे इंग्रजीत कोरलेल्या शिकारी बंदुका अजूनही अधूनमधून पाहावयास मिळतात. मळेवाले, वनाधिकारी, जमीनदार आणि संस्थानिक हे असल्या मालाचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांच्या घरांतील सर्वांत आवडते हत्यार म्हणजे दुनळी बंदूक. आपल्या परवान्यांच्या भाषेत तिला आजही ‘डी.बी.बी.एल.’ म्हणतात.

कोकणातील शेतकऱ्याला ठासणीची बंदूक परिचित आहे. तिच्यात दारू व छर्रे तोंडाकडून ठासावे लागतात. दुनळी मात्र बिजागरीवर मोडते; मागच्या बाजूने दोन काडतुसे सरकवायची, बंदूक मिटायची, की दोन बार तयार. दोन नळ्यांना बहुधा दोन चाप असतात. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्याच दिसल्या, तरी एकीचे तोंड किंचित अधिक आवळलेले असते, त्यामुळे तिचे छर्रे दूरवर एकत्र राहतात. जवळच्या पक्ष्याला पहिली नळी, निसटून दूर जाणाऱ्याला दुसरी, असा तिचा हिशेब. ‘बारा बोअर’ या शब्दाचा अर्थही गमतीचा आहे: नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घेतला, तर एका पौंडात असे बारा गोळे बसतात. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा लहान!

भारतात प्रतिष्ठा होती ती इंग्रजी बंदुकीला. परंतु बंदुकीचा कौटुंबिक जिव्हाळा पाहायचा तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथे दुनळी ही राजवाड्याची नव्हे, शेतघराची वस्तू झाली. तिचे कारखानदारही मोठे मौजेचे. कनेक्टिकट राज्यातील मेरिडन गावचे चार्ल्स पार्कर यांनी धंद्याची सुरुवात केली ती कॉफी दळण्याच्या जात्यांनी. त्यांच्या नावाची दुनळी पुढे अमेरिकेत सर्वांत नावाजलेली ठरली. लायमन स्मिथ यांनी आपला बंदुकांचा कारखाना विकला व ते टंकलेखन यंत्रांकडे वळले. आपल्याकडील जुन्या कारकुनांना स्मिथ हे नाव आठवत असेल ते त्या यंत्रांमुळे. अशा बंदुका नाताळच्या भेटीचा विषय होत. मुलगा जाणता झाला, की आजोबांची दुनळी त्या दिवशी त्याच्या हाती यायची. पुष्कळदा तिच्या दस्त्यावरच्या लहानशा पट्टीवर आजोबांची आद्याक्षरे असायची. भेट मिळत असे ती केवळ बंदुकीची नव्हे, तर पहाटे त्यांच्याबरोबर रानात जाण्याच्या अधिकाराची.

अशा भेटींतील सर्वांत प्रसिद्ध भेट मात्र घरातली नव्हे. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट अध्यक्षपदावरून उतरून आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा फिलाडेल्फियाचे कारखानदार अॅन्स्ले फॉक्स यांनी त्यांना एक नक्षीदार दुनळी नजर केली. २०१० मध्ये ती लिलावात साडेआठ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली.

आपल्या देशात असे नजराणे सहजी देता येत नाहीत, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे घेणाराही परवान्यास पात्र हवा, त्याचे वय २१ वर्षांचे हवे. आणि खाजगी बंदूक दुसऱ्यास द्यायची तर ४५ दिवस आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चेन्नईसारख्या शहरात परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही तीत मोजल्या जातात. तीन पिढ्यांच्या तीन बंदुका जपणाऱ्या घराला त्यांतली एक सोडावी लागली.

याहून मोठी चूक घडते ती अज्ञानाने. परवानाधारक वारतो, दिवस-कार्य उरकते, आणि कपाटातली बंदूक ‘आपली तर आहे’ म्हणून तशीच राहते. वस्तुतः परवाना त्या व्यक्तीबरोबर संपलेला असतो. विलंब न लावता बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि वारसांपैकी एकाने इतरांच्या संमतीने अर्ज करावा, हा मार्ग आहे. मुदतीत काही केले नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय केली आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने ती बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडिलांनी आपल्या हाताने मुलीला किंवा मुलाला बंदूक द्यावी, हे आता शक्य आहे. दुर्दैवाने ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

कागद पुरे झाले, तरी जुनी दुनळी लगेच उडवू नये. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ नळ्या ‘दमास्कस’ पद्धतीच्या आहेत. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळईभोवती गुंडाळून व ठोकून त्या घडवीत. त्यामुळे पृष्ठभागावर सुंदर लहरी उमटतात. या नळ्या काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी केलेल्या असतात. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसाने त्या फुटून हात जाण्याचा संभव असतो. लहरींच्या जोडांत आतून गंज शिरला असेल, तर तो डोळ्यांना दिसतही नाही. दुसरा धोका काडतुसाच्या लांबीचा. जुन्या अनेक बंदुकांचे काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते. आजचे पावणेतीन इंची काडतूस तोंडाशी दुमडलेले असल्यामुळे त्यात निमूट बसते. पण बार होताना ती घडी उलगडून पुढची वाट अडवते आणि दाब वाढतो. इंग्रजी बंदुकीवर चाचणीगृहाची मुद्रा असते. अमेरिकेत असे सरकारी चाचणीगृह नसल्याने तिकडच्या बंदुकीवर केवळ कारखान्याच्या खुणा पाहून तर्क करावा लागतो. तेव्हा जाणत्या कारागिराने नळ्या मोजून तपासल्याखेरीज बार काढू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच बहुतांशी मिटला आहे.

उरते ती निगा. चेन्नईची खारी, दमट हवा पोलादाची वैरीण. बंदूक मूळच्या चामडी पेटीत ठेवणे शोभिवंत खरे. पण चामडे ओल धरते, आणि गंज तेथूनच लागतो. कोरड्या, कुलूपबंद कपाटात, नळ्यांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, तोंड खाली करून ती उभी करावी. नाहीतर वरचे तेल ओघळून दस्त्याच्या अक्रोडी लाकडात मुरते, आणि जोडापाशी लाकूड काळे पडून मऊ होते.