तांब्याचा जमाखर्च

धान्य आपण खातो, ते संपते. लाकूड जाळतो, त्याची राख होते. परंतु तांब्याचे काय? न्हाणीघरातला जुना बंब गळू लागला की तो मोडीत जातो. बंब संपला, पण तांबे संपले काय? मुळीच नाही. ते तराजूतून भट्टीत जाते आणि उद्या कोणाच्या तरी विहिरीवरील मोटारीत तार होऊन बसते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'उपभोग' हा शब्द शिकतो. धातूंच्या बाबतीत हा शब्द फसवा आहे. रॉबर्ट एअर्स आणि ॲलन नीस यांनी 1969 साली हेच दाखवून दिले. वस्तू वापरून संपतो तो तिचा उपयोग. तिच्यातले द्रव्य कोठे ना कोठे शिल्लक उरतेच.

मग ते कोठे उरते, याचा हिशेब मांडता येईल काय? येतो, आणि त्याची रीत किराणा दुकानाच्या वहीइतकीच सोपी आहे. जेवढे आत आले त्यातून जेवढे बाहेर गेले ते वजा करावे. उरेल ती शिल्लक. फक्त ही वही एका दुकानाची नसून साऱ्या देशाची असते, आणि तिला चार पाने असतात: खाण, कारखाना, वापर आणि मोड.

पहिले पान खाणीचे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथील शंभर किलो दगडात तांबे असते साधारण एक किलो. दगड दळून, पाण्याच्या फेसावर तांब्याचे कण तरंगवून ते वेगळे काढतात. पुढे भट्टी आणि शेवटी विजेच्या साहाय्याने शुद्धीकरण. उरलेली बहुतेक सारी भुकटी तेथेच साठते व तिच्याबरोबर थोडे तांबेही जाते. आपल्या खाणी आपल्या गरजेला पुरत नाहीत, म्हणून गुजरातेत दहेजच्या कारखान्याला परदेशातून जहाजाने कच्चा माल आणावा लागतो. तामिळनाडूतील तुतिकोरिनचा कारखाना प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनानंतर मे 2018 मध्ये बंद झाला. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात 13 माणसे मेली. पूर्वी शुद्ध तांबे बाहेर विकणारा आपला देश त्यानंतर ते विकत घेऊ लागला. वहीतल्या एका आकड्यामागे केवढे दुःख दडलेले असते ते यावरून ध्यानात यावे.

दुसरे पान कारखान्याचे. तार ओढताना, पत्रा कापताना जे तुकडे पडतात ते स्वच्छ असतात, त्यांची जात ठाऊक असते. ते लगेच पुन्हा भट्टीत जातात. येथे फारसे काही हरवत नाही.

तिसरे पान वापराचे, आणि खरी गंमत येथे आहे. तांबे येथे थांबते. फोनमध्ये दोन-चार वर्षे, पंप-पंख्यात दहा-वीस, घराच्या भिंतीतील तारेत तीस-चाळीस वर्षे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार धातुमूर्ती सापडल्या. त्यांचे वजन साठ किलोंहून अधिक आहे. काही हजार वर्षे मातीत राहूनही तो धातू नाहीसा झाला नाही! या थांबण्यामुळेच एक महत्त्वाची गोष्ट घडते. आज मोडीत येणारे तांबे हे वीस-तीस वर्षांपूर्वी वापरात आलेले असते, आणि तेव्हा आपण तांबे कमी वापरत होतो. म्हणून आजची सगळी मोड गोळा केली तरी आजची गरज भागणार नाही. जगात सध्या वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी सुमारे एक तृतीयांश मोडीतून येते. विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीला तर साध्या गाडीच्या तीन-चार पट तांबे लागते.

अमेरिकेतील येल विद्यापीठातील थॉमस ग्रेडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली असा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात दिसले की त्या देशाचे तांबे साधारण सारख्या तीन वाट्यांत आहे: एक वाटा अजून खाणीत, एक वापरात आणि एक कचऱ्यात. साऱ्या जगाने श्रीमंत देशांइतके तांबे वापरायचे ठरवले, तर पृथ्वीच्या पोटातील जवळजवळ सर्व तांबे बाहेर काढावे लागेल आणि त्यानंतर काहीच वाया घालवता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वाया कसे जाते? द्राक्षबागेवर मोरचूद फवारतात. त्यातले तांबे मातीत मिसळते, ते कोण वेचणार? जुनी गाडी तारांसकट वितळवली तर तांबे पोलादात शिरते. ते पुन्हा वेगळे काढता येत नाही, उलट तापवून लाटताना पोलादालाच तडे जातात. म्हणजे दोन्ही धातूंचे नुकसान. तात्पर्य, वितळवण्याआधीची निवड ही सर्वांत मोलाची.

ही निवड करतो कोण? हे चौथे पान. माझे वडील हातगाडीवर भंगार गोळा करतात, म्हणून ते काम मला जवळून ठाऊक आहे. त्यांच्या खिशात लोहचुंबकाचा तुकडा असतो. तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड त्याला लगेच चिकटते. कानशीचा एक घास मारून ते तांबे, पितळ आणि जर्मन वेगळे करतात. पुस्तकात ज्याला वर्गीकरण म्हणतात ते हेच. पण या व्यवहाराला पावती नाही, म्हणून वहीत नोंदही नाही. विद्युत कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत नोंदणी आहे ती उत्पादक, दुरुस्ती करून विकणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांची. दारोदार फिरणाऱ्याला त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याला तार सोलायचे यंत्रही मिळत नाही. मग कोणी उघड्यावर तार जाळतो. प्लॅस्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात, आणि ती प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत जातात.

मला असे वाटते की आपल्या देशाच्या हिशेबात पहिले पान ठळक अक्षरांत लिहिलेले आहे आणि चौथे जवळजवळ कोरे आहे. खाणीतून एक किलो तांबे निघाले की त्याची नोंद होते. गल्लीतून एक किलो परत आले तर होत नाही. वास्तविक दोन्ही किलो सारखेच, आणि दुसऱ्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही. नगरपालिकेने भंगारवाल्याला ओळखपत्र, वजनाची पावती आणि सोलण्याचे साधे यंत्र दिले, तर हे पान भरू लागेल.

मित्रहो, एका रविवारी आपापल्या घरातील तांबे मोजून पाहा: तांब्या, घागर, पंखा, पंप, भिंतीतली तार. ही देखील एक खाणच आहे. ती कधी ना कधी उघडेल, तेव्हा तिच्यातले तांबे ज्याच्या हातातून परत जाणार आहे त्याचे नाव वहीत असावे, एवढेच मागणे.