जाणणाऱ्याचे दायित्व : शालेय बालकांचे संरक्षण आणि कायदा

जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथील एका शाळेच्या प्रसाधनगृहात सात वर्षांच्या बालिकेवर अत्याचार झाला. संशयित इसम शाळेबाहेरचा होता. तथापि निष्काळजीपणाच्या आरोपावरून मुख्याध्यापिकेसही अटक झाली. गुन्हा एकाने केला असता दुसऱ्यास जबाबदार का धरावे, असा प्रश्न अशा वेळी मनात येतो. शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या ख्रिस्तसभेच्या सेवकांनी त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गोव्याला हा विषय नवा नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स यास मुलांवरील अत्याचारांबद्दल १९९६ साली जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोवा बालक अधिनियम संमत होऊन स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद झाली. १४ नोव्हेंबर २०१२ पासून 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम', म्हणजेच 'पोक्सो', अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा वा मुलगी या कायद्यान्वये बालक होय. त्याच्या संमतीची सबब चालत नाही. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने त्याच संस्थेतील बालकावर केलेला लैंगिक हल्ला कायदा अधिक गंभीर मानतो व त्यास अधिक कडक शिक्षा सांगतो. कारण उघड आहे : जेथे विश्वास ठेवला, तेथेच घात झाला.

परंतु कायदा केवळ अपराध्यापाशी थांबत नाही. कलम १९ अन्वये, असा अपराध घडला आहे हे ज्यास ठाऊक आहे, किंवा तो घडण्याची ज्यास भीती वाटते, अशा कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळविले पाहिजे. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; हाताखालील माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. शाळेची अंतर्गत चौकशी, शिक्षकाची बदली किंवा पालकांशी समझोता ही या कर्तव्याची पूर्ती नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि असे मौन हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले.

'आरोप खोटा ठरला तर?' ही शंका अनेकांना मागे खेचते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. सत्यासत्य ठरविणे हे आपले काम नव्हे. ते तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणून व्यासपीठावरून वा प्रार्थनासभेतही तिचा उल्लेख होता कामा नये.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाही याच दिशेने गेला आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर अशा गोष्टी वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या प्रकरणांवरील परमधर्मपीठाची गुप्तता उठविली. बिशपांना कळविले म्हणून पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य संपत नाही.

येथे पापनिवेदनाच्या गुप्ततेचा प्रश्न उभा राहतो. धर्मविधानानुसार ती अभंग आहे. पोक्सोत मात्र धर्मगुरूंसाठी वेगळी सूट नाही. हा ताण खरा आहे व तो लपवू नये. परंतु पुष्कळदा त्याचा आधार नको तेथे घेतला जातो. धर्मशिक्षणाच्या वर्गात, कार्यालयात, समुपदेशनात किंवा घरभेटीत कानी आलेली गोष्ट संस्काराच्या मुद्रेखाली येत नाही. ती कळविलीच पाहिजे. पीडित बालकाने पापनिवेदनात काही सांगितल्यास, त्यात त्याचे पाप नाही हे प्रथम त्यास सांगावे, आणि तीच गोष्ट बाहेर विश्वासू व्यक्तीस सांगण्याचे धैर्य द्यावे.

लहानग्यांस अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीची कठोर उपमा योजिली (मत्तय १८:६). संस्थेच्या नावाविषयी तो काहीच बोलला नाही. बालकाला मध्ये उभे करूनच त्याने ते शिकविले. आपणही निर्णय घेताना त्यालाच मध्ये उभे करावे.