"कसें वाटलें?" हें इंग्रजींत कसें विचारावें?

"कसें वाटलें?" हा आपला मराठी प्रश्न जेवण, गांव, शाळा, सर्वांस चालतो. दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, आतां बंद पडलेली, तिनें प्रथमच प्रवास करून आलेल्यासही हेंच विचारावयाचें. आमचे विद्यार्थी मात्र त्याचें शब्दशः भाषांतर करून "हाऊ डू यू फील?" म्हणतात, आणि ऐकणारा समजतो कीं, आपली प्रकृति बरी दिसत नाहीं!

"मला प्रवास आवडला" ह्यांत प्रवास कर्ता होतो. इंग्रजींत माणूसच कर्ता. म्हणून "हाऊ डिड यू लाइक द जर्नी?" असें विचारावें. पुढें नागपुरास शिकावयास जाणाऱ्यास "हाऊ डू यू फील अबाउट गोइंग टु नागपूर?" असें विचारतां येतें, तेथें "अबाउट" गाळूं नये. अनुभव अद्याप चालूं असेल, तर "हाऊ आर यू फाइंडिंग द हॉस्टेल?" हें उत्तम. येथें फाइंड म्हणजे सांपडणें नव्हे.

"डू यू लाइक द हॉस्टेल?" हें व्याकरणानें निर्दोष आहे; तरी नव्या मुलास तें विचारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. घरच्या आठवणीनें व्याकूळ झालेला मुलगा भिडेनें "यस, सर" म्हणून मोकळा होतो. "फाइंडिंग"च्या प्रश्नास नुसतें "यस" हें उत्तरच होत नाहीं. मग रात्रीं झोंप येत नाहीं, हें तो हळूहळू सांगूं लागतो.