सोळा महाकाय आणि एक घोडेस्वार

मगरिबनंतर मोबाइल कुणाच्या हातात राहणार, यावरून हल्ली घराघरात कटकट होते. ‘गेम बंद कर’ एवढे आपण सांगतो. मूल नेमके काय खेळते आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. आम्ही वर्गात विचारतो. एखादा गेम ‘लय भारी’ असे मुले म्हणाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, भारी म्हणजे काय? उत्तर बहुधा मोजमापाचे येते: केवढा नकाशा, किती हत्यारे.

मोजमापच लावायचे तर 1996 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डॅगरफॉल’चा नकाशा ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे त्याचे निर्माते सांगत. पण त्यातली हजारो गावे संगणकाने साच्यातून काढलेली. दहा पाहिली की अकरावे ओळखीचे वाटते.

याउलट 2005 साली जपानमध्ये प्लेस्टेशन 2 साठी तयार झालेला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. दिग्दर्शक फुमितो उएदा. एक तरुण मृत मुलीला घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात येतो. तिथला एक आवाज सांगतो, सोळा महाकाय मार, मग ती कदाचित उठेल. मात्र किंमत जबर पडेल. बस्स. वाटेत गाव नाही, बाजार नाही, किरकोळ शत्रूही नाहीत. तलवार उन्हात धरायची, तिचा झोत दिशा दाखवतो. मैलोगणिक दौड, आणि कानावर फक्त टापा आणि वारा.

मग समोर इमारतीएवढा प्राणी उभा राहतो. त्याच्या केसांना धरून वर चढायचे. पकड टिकवायला बटण दाबूनच ठेवावे लागते. सोडले की खाली. त्याने अंग झाडले की खेळणाऱ्याचे बोटही आपोआप आवळते. ही युक्ती आम्हाला फार आवडली.

पण खरी गोष्ट तो कोसळल्यावरची. विजयाचे नगारे वाजत नाहीत, को ओतानींचे उदास संगीत सुरू होते. काळे धागे तरुणाच्या अंगात शिरतात आणि दर खेपेला त्याचा चेहरा काळवंडत जातो. गेमला भव्यता येते ती इथे, असे आमचे मत आहे. (उर्दूत लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ 46 खंडांत छापली, पण खंड मोजून कुणी दास्तानीच्या प्रेमात पडले असेल, असे आम्हाला वाटत नाही.)

तेरावा महाकाय वाळवंटावर उडत असतो. तो खेळणाऱ्यावर एकदाही हल्ला करत नाही. आपणच बाण मारून त्याला खाली आणायचे.

2018 ची नवी आवृत्ती खेळलेल्या नववीतल्या एका मुलाला आम्ही विचारले, “मग तू काय केलेस?”

“आधी बराच वेळ नुसता बघत बसलो, सर. अम्मीने जेवायला हाक मारली, जेवून आलो. तरी तो उडतच होता.”

“आणि मग?”

“मारला. नाहीतर गेम पुढे सरकत नाही ना!”