आणे, नवे पैसे आणि संगणक

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल, आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पण पाव पैशाचे नाणे नसल्याने हाती सहाच पडत. सोळा आणे एकेक करून मोडल्यास रुपयातले चार पैसे गळत.

चंदीगडच्या आयटी पार्कमधील संगणककारांनाही अशी मोड करावी लागते. प्रोग्रॅमची भाषा स्वतः चालत नाही. तिला चालविणारी यंत्रणा म्हणजे रनटाइम. यंत्रणेच्या पोटात चौसष्ट बिटांचा पूर्णांक असतो. जावास्क्रिप्टची साधी संख्याही चौसष्ट बिटांचीच, पण तीत काही जागा दशांशचिन्हाच्या हिशेबात जाते. म्हणून ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे तिला प्रत्येक पूर्णांक नेमका धरता येत नाही. अखेरीस ९९३ असलेला आकडा धाडला, की ९९२ असलेला पोहोचतो, आणि यंत्रणा चकार शब्द काढीत नाही. रकमेतला एकाचा फरक एखादे वेळी सोसेल. लांबलचक खातेक्रमांकात तो पडला, तर पैसे परक्याकडे जावयाचे! म्हणून जाणते लोक असा क्रमांक अक्षरांच्या ओळीसारखा पाठवितात. २०२० साली भाषेच्या प्रमाणात बिगइंट हा निराळा प्रकार आला. तो मोठा पूर्णांक अखंड ठेवतो. साध्या संख्येशी त्याची बेरीज करू गेल्यास यंत्रणा चूक दाखवून तेथेच थांबते.